सगुणाबाईंची पाणसळ

आधी कबुली देऊन टाकते. सगुणाबाईंची मासळीची पिकअप आमच्या सोसायटीच्या गेटसमोरून हटवण्याची जी नोटीस निघाली, तिच्यावर तीन सह्या होत्या आणि त्यातली एक माझी होती. मी मूळची देवगडची. माशाच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांतली नाही. उलट बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळी आठला पहिली पिशवी माझीच असते. तरी सही केली. कमिटीची मीटिंग लांबली होती, घरी कुकर लावायचा होता, सेक्रेटरी नंदकुमारांनी कागद पुढे सरकवला आणि मी पेन उघडलं. माझ्या हातून झालेल्या बहुतेक वाईट गोष्टी अशाच घाईत झाल्यात.

नोटीस अशी होती: मासळीच्या गाडीतून बर्फाचे पाणी सांडून नव्या पेव्हर ब्लॉकवर डाग पडतात व दुर्गंधी पसरते, तरी गाडीचा उतार आठ दिवसांत दुरुस्त करावा, अन्यथा गेटसमोर गाडी उभी करता येणार नाही. त्या पेव्हर ब्लॉकचं आम्हाला फार कौतुक होतं. गेटच्या डाव्या हाताची फरशी पाच वर्षांत तीनदा बसवली. दरवेळी खचायची. दोन कंत्राटदारांना आम्ही चोर ठरवून घालवलं होतं. तिसरा नुकताच काम करून गेला होता, तेव्हा डाग म्हटलं की नंदकुमार लगेच खाली धावायचे. माणूस वाईट नाही. पंपाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, गळती दिसली की त्यांना झोप लागत नाही.

सगुणाबाईंबद्दल सांगायचं तर वय छप्पन्न, सासर उरणकडचं, आणि माहेर इथलंच, सीवूड्सला सीवूड्स हे नाव नव्हतं तेव्हाचं. आधी डोक्यावर पाटी घेऊन यायच्या, नंतर नवरा सितारामने पिकअप घेतली. साखरेने सितारामची नजर गेली तेव्हा सगळ्यांनी गाडी विका म्हणून सांगितलं. बाईंनी एकोणपन्नासाव्या वर्षी लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्याने फॉर्म बघून विचारलं, गाडी चालवणार कोण? बाई म्हणाल्या, "जिचा फोटो चिकटवलाय ती." तेव्हापासून करंजाच्या धक्क्यावर माल भरायचा, सितारामला शेजारी बसवायचं आणि आठच्या ठोक्याला आमच्या गेटवर. भाव करायची सोय नाही. कुणी विचारलं, मासे ताजे आहेत ना, की त्या मासा नाकाजवळ धरतात आणि म्हणतात, "वास घेवा. येत नसंल तर ताजा हाय, येत असंल तर तुमचं नाक धुवून या."

बुधवारी नोटीस त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, बाजूला घेऊन हळूच देऊ. बाईंनी चष्मा लावला आणि रांगेतल्या नऊ जणींना ऐकू जाईल असा कागद वाचून काढला. 'दुर्गंधी' शब्दावर थांबून पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून पैशांच्या डब्यात ठेवला.

"आठ दिवस कशाला, चार पुरं," त्या म्हणाल्या. "गाडीचा उतार काढतंय मी. पन ताई, खाली सही तुमची हाय. मंग बघायला तुमीच यायचं."

मला नाही म्हणता आलं नाही. शरम वाटत होती, दुसरं काय.

गाडीला खरंच उतार होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पिकअपची जातच तशी. मोकळी असली की नाक खाली आणि शेपूट वर, कारण मागचे पाटे माल उचलायला बनवलेले. पाटे म्हणजे लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत. तिच्यावर मागची सगळी बाजू बसलेली असते. माल भरला की शेपूट बसते. बाईंच्या गाडीचे पाटे सात वर्षांत थकले होते, त्यामुळे भरलेली गाडी मागे जास्तच बसायची आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी मागच्या फळीखालून ओघळायचं. खरं तर मागे माल ठेवायच्या हौद्याच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात बाईंनी भोक पाडून नळी लावली होती, नळीखाली बादली. पाणी तिकडे गेलं तर एक थेंब खाली पडायचा नाही. पाणी तिकडे जात नव्हतं, एवढाच काय तो गुन्हा.

बाईंचा भाचा कुंदन याचं नेरूळला गाड्या सजवायचं दुकान आहे. त्याच दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. पोरगा हुशार, केसांना रंग, बोलणं तुरुतुरु. त्याने टेप काढली, चाकाच्या मधोमधपासून वरच्या कमानीपर्यंत पुढून मागून मापं घेतली आणि निकाल दिला.

"आत्या, पुढून दोन इंच डाऊन हाय. टेन्शन नको. पुढं दोन इंची स्पेसर टाकू, चारी चाकांना गॅसचे शॉकअप टाकू, आणि हे बघ, टायर." त्याने एक रुंद, जाड बटनांचा टायर थोपटून दाखवला. "गाडी एकदम लेवल. रस्त्यावर लोक वलून बघतील."

"लोकांनी मासं बघायचं. गाडी कशाला बघतील?" बाई म्हणाल्या. पण स्पेसर म्हणजे स्प्रिंगवर ठेवायची चकती आणि ती ठेवली की नाक वर येतं, एवढं त्यांना पटलं. टायर मागवायला दोन दिवस लागणार होते, तेवढे सोडून बाकी काम संध्याकाळपर्यंत झालं. गाडी खरोखर झोकात दिसायला लागली. कुंदनने चारी बाजूंनी फोटो काढले. मीसुद्धा म्हटलं, वा.

शुक्रवारी सकाळी गाडी माल भरून आली आणि सगळं उघडं पडलं. शेपूट पूर्वीसारखीच बसली होती आणि नाक आता दोन इंच वर. आधी पाणी ओघळायचं, आता धार लागली. नव्या फरशीवर तिची वेडीवाकडी रेघ गेली, डाव्या अंगाला. नंदकुमारांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यावर कोणी काय काय लिहिलं ते मी इथे सांगणार नाही. त्या लोकांना मी रोज लिफ्टमध्ये भेटते. शिवाय गतिरोधक आला की गाडीच्या पुढून टक टक असा हाड मोडल्यासारखा आवाज यायला लागला, तो वेगळाच.

मला वाटलं, बाई कुंदनच्या नावाने खडे फोडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. रांग संपल्यावर हौद्याच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी हाय. मी देवजी आगऱ्याची पोर, आनि कोरडे कुंड्याचा लेवल बघून आले."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा बाप देवजी इथल्याच मिठागरावर होता. मिठागर म्हणजे आगर, आणि आगराचे म्हणून आगरी. मिठाचं कुंडं तयार करताना चिखल पायांनी तुडवून सपाट करतात. डोळ्यांना ते सपाट दिसतंच. पण देवजी डोळ्यांवर कधी विश्वास ठेवायचा नाही. आधी बोटभर पाणी आत घ्यायचा, मग कडेला उकिडवा बसून पाण्याकडे बघायचा. जिथे पाणी पोचलं नाही ती जागा उंच, जिथे साचलं ती खोल. कोरड्या कुंड्यावर मीठ घ्यायला गेलं की अर्धं कुंडं वाया जाणार, हे शेंबड्या पोराला ठाऊक असायचं. आणि सगुणाबाईंनी गाडी मोकळी असताना टेपेने मोजून घेतली होती.

"बापानं आज माझी पाठ सोलली असती," त्या म्हणाल्या. त्यांचा राग मी अकरा वर्षं बघत आले, पण स्वतःवरचा राग त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"मग रविवारी येऊ नका," मी म्हटलं. मला ते सोपं वाटलं होतं. "एक आठवडा जाऊ द्या. लोक थंड होतील."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी उचलली. "एक रविवार नाय आले ना, तर दुसरे रविवारी इथं कुंड्या ठेवलेल्या असतील. फुलांच्या. मना म्हाईत नाय काय? मी येनार. उद्या तुमी फाट्यावर या, सक्काली दहाला."

शनिवारी उरण फाट्याकडच्या कमान मिस्त्रीकडे, म्हणजे पाटे बसवणाऱ्याकडे, पोचले तर बाई आधीच हजर. मिस्त्रीचं नाव शहाजी, माणचा माणूस. त्याच्या टपरीत नुसते पाटे टांगलेले, मापाप्रमाणे. यावेळी गाडी मोकळी नव्हती. हौद्यात बर्फाच्या लाद्या आणि रेतीच्या गोण्या, रोजच्या मालाच्या वजनाएवढ्या. वर पितळेची परात आणि पाण्याचा कॅन. मला पाहताच बाईंनी पुढचं दार उघडलं.

"ताई, बसा. माझे नवऱ्याचे वजनाचं कोनतरी पायजे."

सितारामला मी पाहिलंय. अंगाने चांगला भरलेला आहे. मी बसले. मागच्या काचेतून हौदा दिसत होता.

बाईंनी परात हौद्याच्या मधोमध ठेवून काठोकाठ भरली. पाणी लगेच मागच्या काठावरून सांडलं. पुढच्या काठाला पितळ दोन बोटं कोरडं. "बघ," त्या शहाजीला म्हणाल्या. शहाजीने बघितलं, टेप खिशात परत ठेवली आणि पहिल्यांदा हसला.

एवढ्यात कुंदन त्याचे रुंद टायर घेऊन तिथे आला. आपलं काम दुसरा खोलणार म्हणून तो फुगलेला होता. "शॉकअप नवीन टाकलेत, गॅसचे," तो म्हणाला. "तरी मागं बसतेच कशी?"

"शॉकअप वजन उचलत न्हाय रं," शहाजी गाडीखालूनच म्हणाला. "वजन उचलत्यात पाटं. शॉकअपचं काम गाडी हलायची थांबवायचं. आन हे टक टक वाजतंय का, सांगू? चकती घालून नाक वर घेतलंस, पर शॉकअप हाय त्याच लांबीचा. तो ताणून बसलाय. खड्ड्यात चाक खाली गेलं की त्याला जायाला जागाच न्हाय."

कुंदनने मान्य केलं नाही. मग म्हणाला, "तर मग मागं एक पाटा वाढवून टाक ना."

"वाढवीन की. मावशी, परतीला गाडी मोकळीच ना?"

"मोकली. आनि बाजूला माझा घोव. त्याची कंबर जाईल," बाई म्हणाल्या. "वाढवायचा नाय. थकलेले हायेत ते बदल."

मग दोन तास निवड चालली. साडी घेताना बायका इतका वेळ लावत नाहीत, बाईंनी लावला. शहाजीने मागच्या चळतीतले दोन सपाट झालेले पाटे काढून त्याच जाडीचे नवे बाकदार घातले. मागे शॉकअप गॅसचे ठेवले, कारण जाताना कंटेनरच्या रस्त्यावरचे खड्डे भरल्या गाडीने खायचे असतात आणि साधे शॉकअप तापून ढिले पडतात. पुढची दोन इंची चकती काढून अर्ध्या इंचाची घातली आणि तिच्याबरोबर त्या उंचीला पुरतील असे साधे, तेलाचे शॉकअप. प्रत्येक वस्तू बाई हातात घ्यायच्या, शॉकअपचा दांडा स्वतः दाबायच्या आणि परत वर यायला किती वेळ घेतो ते बघायच्या. एक जोडी त्यांनी परत केली. त्यातला एक जरा लवकर वर येत होता. शहाजीने दोन्ही पुन्हा दाबून बघितले आणि निमूटपणे दुसरी जोडी आणली.

उरले टायर. कुंदनने रुंद टायर लावून बघायचा हट्ट धरला. लावला. शहाजीने स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं तसा टायर आतल्या पत्र्याला घासला.

"आनि मोठा टायर चारी बाजूंनी गाडी सारखीच उचलतो," बाई म्हणाल्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "लेवलला त्याचा काय उपेग?"

त्यांनी गाडीच्या कागदावर आहे त्याच मापाचे, सरळ रेघांचे, पण जास्त प्लायचे, म्हणजे आत जास्त थरांचे, टायर घेतले. टायरच्या कडेवर तो किती भार झेलतो त्याचा आकडा असतो, तो बोट ठेवून वाचला आणि रोजच्या मालाशी तोंडी ताडून पाहिला. कुंदन वैतागून म्हणाला, "आत्या, गाडी म्हातारी दिसंल."

"म्हातारीच चालवते ना ती."

शेवटी पुन्हा परात भरली. पाणी काठाला सगळीकडून सारखं टेकलं. पण बाईंना सारखं नको होतं, पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे नखभर उतार हवा होता, नळीकडे. शहाजीने मागच्या चाकांत थोडी हवा वाढवली, उजव्यात जरा जास्त. डाव्या पुढच्या काठावरून एक थेंब घरंगळला, मग दुसरा. बाई उकिडव्या बसून बघत राहिल्या. देवजी असाच बसत असणार.

रविवारी आठला गाडी आली. रविवार म्हणजे रांग दुप्पट, आणि त्या दिवशी तर मासे नको असलेलेही खाली आले होते. नंदकुमार हात मागे बांधून उभे. बाईंनी गाडी रोजच्या जागी लावली, मागची फळी उघडली, बोंबील, मांदेली, पापलेटचे ट्रे पुढे ओढले. सीटवर सिताराम, काळा चष्मा लावून.

पाच मिनिटं काही झालं नाही. मग मागच्या फळीखालून एक थेंब पडला, फरशीवर. मग एक रेघ सुरू झाली.

मला रडू येईल असं वाटलं, खरं सांगते. चार दिवस मी त्या गाडीमागे हिंडले होते, त्या परातीतलं पाणी मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. नंदकुमार हळू आवाजात म्हणाले, "सगुणाबाई, मी तुमच्या विरोधात नाही. पण आता तुम्हीच बघा."

"बघतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी परात काढली, हौद्यात ठेवून भरली. पाणी मागे झुकलं. त्या ते घटकाभर बघत राहिल्या. मग परात तशीच उचलून खाली उतरल्या आणि आमच्या नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवर ठेवली. पाणी त्याच बाजूला झुकलं, हौद्यात झुकलं होतं तेवढंच. त्यांनी परात चार पावलं डावीकडे सरकवली. अजून झुकलं. आणखी चार पावलं, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, तिथे पाणी सांडलं.

"सेक्रेटरी साहेब, गाडी लेवल हाय. तुमची जमीन लेवल नाय."

नंदकुमार वळून लिफ्टकडे गेले. मला वाटलं, रागावले. दहा मिनिटांनी खाली आले तेव्हा हातात त्यांची कारखान्यातली, लेवल बघायची पाणसळ होती, हातभर लांब, जपून पुसलेली. या माणसाला मी सात वर्षं ओळखते, पण गुडघे टेकून फरशीवर बसलेला त्याच दिवशी पाहिला. त्यांनी पाणसळ तीन ठिकाणी ठेवली. तिन्ही ठिकाणी बुडबुडा डाव्या कोपऱ्याकडे पाठ करून वर पळाला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तीन इंच तरी उतार आहे. पण काम तर महिन्यापूर्वीचं."

"काम कितीबी करा," बाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यात उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. "हितं उघाडी व्हती."

उघाडी म्हणजे काय ते तिथल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं, मासे तोलता तोलता आवाज चढतो त्याच आवाजात. खाडीच्या बांधाला एक दार असायचं, लाकडी फळीचं. भरतीला फळी उचलून खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, ओहोटीला बंद करायचं. तिला उघाडी म्हणतात. तिच्या तोंडाशी पाण्याने कोरून दोन पुरुष खोल डोह झालेला असायचा. मिठागर बुजवलं, बांध मोडला, वर भराव पडला, इमारत उभी राहिली. पण डोहातला भराव अजून मुरतोय. वर फरशी घाला नाहीतर संगमरवर घाला, ती जागा बसणारच.

"माझा बाप ही उघाडी उचलायचा. बत्तीस वर्षां. त्याचे जेवनाचा डबा मी हितं आनून द्यायचे. हितंच." त्यांनी पायाने फरशी दाबली. "आनि तुमी मना सांगता, पानी कुठं जातंय ते."

 दोन कंत्राटदारांना चोर म्हटलेलं मला आठवलं. नंदकुमारांनाही आठवलं असावं, ते पाणसळ रुमालाने पुसत राहिले.

बाई गाडीत चढल्या. गाडी पुढे मागे घेऊन उलटी वळवली आणि नाक उघाडीच्या दिशेला करून लावली. नळीतून पाणी बादलीत पडायला लागलं. मागे फळीखालची रेघ थांबली. मला वाटलं, झालं, प्रश्न सुटला. नंदकुमारांनाही तेच वाटलं. ते म्हणाले, "छान. आता अशीच लावत जा, काही हरकत नाही."

"हरकत माझी हाय," बाई म्हणाल्या. डबा उघडून त्यांनी नोटीस काढली. ओल्या हाताने उलगडून माझ्यापुढे धरली. "लिहा ताई. गाडी लेवल हाय. उतार जमिनीचा हाय. आनि सही करा, परत."

मी ट्रेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं: गाडी समतल आहे, उतार जमिनीचा आहे. खाली सही केली. या वेळी मला कुठलीही घाई नव्हती. पेन नंदकुमारांकडे दिलं. त्यांनी माझं वाक्य दोनदा वाचलं, खिशातून चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचलं, आणि सही केली. मग जरा खाली मान घालून म्हणाले, "सगुणाबाई, ही जागा पक्की कशी करायची, सांगाल का?"

"सांगन. पयलेच इचारलं असतं तर पयलेच सांगितलं असतं. तीन सह्या व्हत्या कागदावर. मना कोनी इचारलं?"

त्यांनी पेन मागून घेतलं. आमच्या सह्यांच्या खाली, अक्षरं एकेक जुळवत, आपलं नाव लिहिलं. लायसन्सवर आहे तसं सासरचं नाही. सगुणा देवजी. आमच्या नावांपुढे सेक्रेटरी, सभासद असे हुद्दे छापलेले होते, त्यांच्या नावापुढे तशी जागा नव्हती, म्हणून त्यांनी समासात लिहिलं: उघाडी.

कागद नंदकुमारांनी स्वतः नोटीस बोर्डावर लावला. त्यावर माशाच्या ओल्या हाताचा ठसा उमटलाय, तो अजून गेलेला नाही. बाईंनी हात धुतले, ट्रेवरचा बर्फ बाजूला केला आणि रांगेकडे बघून विचारलं, आधी कोण.